चेहऱ्यांची साक्ष



सोव्हिएत राजवटीतील सामान्य माणूस जगाने प्रथम पाहिला तो प्रामुख्याने प्रचाराच्या चौकटीतून. १९३१ साली बर्लिनमधील एका साम्यवादी सचित्र साप्ताहिकात मॉस्कोतील फिलिपोव्ह या कामगार कुटुंबाची चोवीस तासांची दिनचर्या प्रसिद्ध झाली. माक्स अल्पर्ट, अर्काडी शायखेत आणि सोलोमन तुलेस यांची ती छायाचित्रे कौशल्याच्या दृष्टीने उत्तमच होती. कुटुंबही खरे होते. परंतु ‘सुखी सोव्हिएत कामगार’ या सिद्धांताचे उदाहरण म्हणून त्याची निवड झाली होती. पुढच्याच दोन वर्षांत, १९३२-३३ च्या दुष्काळात, युक्रेनमधील लक्षावधी शेतकरी अन्नावाचून मेले. त्यांचे चेहरे सोव्हिएत नियतकालिकांना दिसले नाहीत.

या पार्श्वभूमीवर लिथुआनियाचे छायाचित्रकार अंतानास सुत्कुस यांचे कार्य मननीय ठरते. त्यांचा जन्म १९३९ चा; पुढच्याच वर्षी सोव्हिएत संघाने त्यांचा देश गिळंकृत केला. १९६५ मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्र लिथुआनियात आले असता, निदाच्या वाळूवरून एकटेच चालणाऱ्या सार्त्र यांचे सुत्कुस यांनी काढलेले छायाचित्र जगभर गाजले. मात्र त्यांचा खरा विषय होता आपल्या गावाशहरांतील अप्रसिद्ध माणूस. ‘लिथुआनियाची माणसे’ या दीर्घ चित्रमालिकेत त्यांनी त्यालाच स्थान दिले.

‘पायोनियर’ ही साम्यवादी पक्षाची बालसंघटना. प्रचारचित्रांतील पायोनियर सदैव हसतमुख, दृष्टी उज्ज्वल भविष्याकडे लागलेली. सुत्कुस यांनी १९६४ मध्ये इग्नालिना येथे टिपलेल्या मुलाच्या गळ्यात तोच रुमाल आहे. पण डोके भादरलेले आणि मुद्रा खिन्न. १९६२ च्या कौनासमधील दुसऱ्या छायाचित्रातला पायोनियर तर अंध आहे. घोषणा नाही, टीका नाही. केवळ एक बालक आहे.

सुत्कुस काही तुरुंगात गेलेले बंडखोर नव्हते. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या शासनमान्य छायाचित्रण-कला संस्थेचे ते एक संस्थापक होते. व्यवस्थेत राहूनच त्यांनी काम केले आणि त्याची किंमतही मोजली. त्यांची अनेक छायाचित्रे वर्षानुवर्षे अप्रकाशित राहिली. १९९० मध्ये लिथुआनियाने स्वातंत्र्य घोषित केले, त्यानंतरच्या काळात ती प्रकाशात आली.

मित्रहो, सत्ता माणसाला संज्ञेत बसवते: कामगार, किसान, पायोनियर. कॅमेऱ्याला मात्र संज्ञेचे चित्र घेता येत नाही. त्याला कोणाचा तरी एक विशिष्ट चेहरा लागतो. तो चेहरा आज्ञेने हसवायचा की आहे तसा पाहायचा, एवढाच निर्णय छायाचित्रकाराच्या हाती असतो. सुत्कुस यांनी तो निर्णय माणसाच्या बाजूने घेतला. फिलिपोव्ह कुटुंबाच्या छायाचित्रांतून आज आपल्याला राजवटीची इच्छा कळते. इग्नालिनाच्या मुलाकडे पाहताना त्या राजवटीत जगणारा माणूस भेटतो.

विचारसरणी कोणतीही असो, समाजाचे नाव घेऊन बोलणाऱ्या प्रत्येकाने समोरच्या एका माणसाच्या डोळ्यांत पाहण्याचे हे धैर्य जोपासावे, एवढीच विनंती करून मी माझे भाषण संपवतो.