माझी काळी मेंदी



मी सातवी शिकलेली बाई, भाषण मला येत नाही. घडलं तेवढं सांगते.

पुतणीच्या लग्नाला दोन दिवस होते. काळ्या मेंदीची पुडी आणली. पूर्वी दोनदा वन्संनी लावून दिली होती, काही झालं नव्हतं. या वेळी मोरीत एकटीच बसले. कपाळ, कान, मोरीची फरशी, नवा पंचा सगळं काळं. केस तेवढे मधूनमधून पांढरेच! हे म्हणाले, "कढईची काजळी फासलीस का?" मीही हसले.

दुसऱ्या दिवशी डोकं खाजू लागलं. लग्नाच्या सकाळी पापण्या अशा सुजल्या की डोळे उघडेनात. अक्षता मी घरीच टाकल्या, देवापुढे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नुसत्या मेंदीनं केस तांबूस होतात. काळं करतं ते त्यात घातलेलं पीपीडी नावाचं रसायन. आधी सोसलं तरी पुढं कधीही बाधतं. थोडं कानामागं लावून दोन दिवस थांबायचं, असं पुडीवरच बारीक अक्षरांत छापलेलं होतं. वाचता येत असून मी वाचलं नाही, त्याची लाज वाटली.

परवा पुतणी आली होती. लग्नाचे फोटो दाखवत म्हणाली, "काकू, तुम्ही एकातही नाही."