जुन्या ग्राइंडरचे नवे स्पेसर
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आपल्यापैकी कित्येक कुटुंबांचा चरितार्थ लहानशा कारखान्यावर चालतो, आणि तो कारखाना बहुधा एखाद्या जुन्या यंत्रावर उभा असतो. सरफेस ग्राइंडर हे असेच एक यंत्र. त्याच्या स्पिंडलची बेअरिंगे बदलताना मधली कडी, म्हणजे स्पेसर, निकामी निघाल्यास नवी कशाची करावी, एवढाच विषय आज आम्ही मांडणार आहोत.

स्पेसर केवळ मधली जागा भरीत नाही. तिरप्या स्पर्शाच्या बेअरिंगांची जोडी ठरावीक दाबाखाली बसवावी लागते, आणि तो दाब आतल्या व बाहेरच्या कड्यांच्या लांबीवर अवलंबून असतो. जोडी जुळवूनच आलेली असेल, तर दोहोंची लांबी तंतोतंत सारखी हवी. दोनचार मायक्रॉनांनीही दाब बदलतो. तो वाढला तर बेअरिंग तापते. घटला तर दगड थरथरतो आणि जॉबवर लाटा उमटतात.

हाताशी असलेले ॲल्युमिनियम अनेकांना सोयीचे वाटते. परंतु हिशेब पाहावा. 50 मिलिमीटर लांबीचे पोलादी कडे 20 अंश सेल्सियस तापले, तर सुमारे 12 मायक्रॉन वाढते. पितळेचे 19 आणि ॲल्युमिनियमचे 23. एक कडे पोलादाचे व दुसरे ॲल्युमिनियमचे ठेवले, तर हा फरक थेट दाबावर येतो. दोन्ही ॲल्युमिनियमची केली, तरी पोलादी शाफ्टवर नटाखाली आतले कडे अधिकच आवळले जाते; शिवाय त्याचा ताठरपणा पोलादाच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच. नायलॉन तर ओल शोषून फुगते आणि दाबाखाली हळूहळू बसते.

म्हणून आमचे मत पोलादाकडेच आहे, तेही दोन्ही कड्यांना एकच. नट आवळताना तोंडे दबू नयेत यासाठी पाणी देऊन ती कठीण करावीत. मग दोन्ही कडी चुंबकी चकवर शेजारी ठेवून एकाच मापावर दोन्ही तोंडांनी घासावीत, चुंबकत्व काढावे आणि चार ठिकाणी मापावीत. जुनी कडी मात्र मापल्यावाचून टाकू नयेत. मूळ कारागिराने लांबीत हेतुपूर्वक फरक ठेवलेला असणे शक्य आहे.

ज्याचे ग्राइंडर उघडून पडले आहे, त्याला ही कडी दुसऱ्याच्याच ग्राइंडरवर घासून घ्यावी लागतात. अशा वेळी शेजारच्या बंधूने आपले यंत्र तासभर मोकळे करून दिले, तर एका घराची बंद पडलेली रोजी पुन्हा सुरू होते. एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.