वाजश्रवसाच्या गाई आणि जुनी पिकअप

कापसाचा हंगाम ओसरू लागला, की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव, पांढरकवडा, दारव्हा येथील जिनिंगच्या फाटकांपुढे रांगा लावून उभ्या राहणाऱ्या मालवाहू गाड्यांपैकी ज्या थकलेल्या असतात त्यांचे पुढे काय करावे, हा प्रश्न त्यांच्या मालकांना पडतो. कोणी आपली गाडी विकतो, कोणी मोडीत घालतो, आणि एखाद्याच्या मनात येते, की इतकी वर्षे हिने आपले घर चालवले, आता ती एखाद्या वृद्धाश्रमाला, गोशाळेला वा आश्रमशाळेला देऊन टाकावी. या तिसऱ्या मालकाशी मला आज थोडे बोलावयाचे आहे.

त्याची कल्पना वावगी नाही. मूर्तिजापूरकडे आपला कापूस वाहून नेणारी शकुंतला रेल्वे बंद पडली, बैलांची बंडी शिवारापुरती उरली, आणि आर्णी, घाटंजी, झरी-जामणीच्या आडगावांत धान्य, चारा वा खाटा पोचवण्याचे सारे ओझे या लहान मालवाहू गाडीवर येऊन पडले. अशा मुलखात संस्थेच्या दारी स्वतःची गाडी असणे ही चैन नव्हे.

परंतु जुनी वस्तू दान देण्याचा प्रश्न आपल्याकडे फार पुरातन आहे. कठोपनिषदातील वाजश्रवसाने सर्वस्वदानाचा यज्ञ मांडला, आणि दक्षिणा म्हणून ज्या गाई हाकलत आणल्या, त्यांचे पाणी पिऊन झाले होते, गवत खाऊन झाले होते, दूध देऊन झाले होते, आणि विण्याची शक्ती उरली नव्हती. सर्व ऋत्विज मौन धरून बसले असता ही विसंगती दिसली ती कोवळ्या नचिकेत्याला. आणि त्याने बापाला, मग मला कोणाला देणार, असे विचारले. दान घेणाऱ्यांपैकी एकानेही तोंड उघडले नाही, हा त्या कथेतील भाग मला अधिक बोचतो, कारण आजच्या संस्थाही बहुधा तशाच गप्प बसतात.

निरुपयोगी दानाची हीच गोष्ट आपल्या पिढ्यांनी भूदानात मोठ्या प्रमाणावर पाहिली आहे. 18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे विनोबांना पहिले भूदान मिळाले. पुढे त्यातून संपत्तिदान, श्रमदान, साधनदान अशा शाखा फुटल्या. आपला जिल्हा त्या वेळी मध्यप्रदेशात होता, आणि त्या राज्याने 1953 मध्ये केलेला भूदान यज्ञाचा कायदा विदर्भास लागू झाला. देशभर चाळीस लाख एकरांहून अधिक जमिनीची दानपत्रे लिहिली गेली. पण तिचा मोठा हिस्सा पडीक, खडकाळ अथवा वादग्रस्त निघाला, आणि दफ्तरी नोंदलेल्या त्या एकरांवर कोणाचा नांगर चालला नाही. साधनदानाची कल्पना मला त्यातल्या त्यात निकोप वाटते, कारण जमीन मिळालेल्या भूमिहीनाला बैल, नांगर, बियाणे मिळावे हा तिचा हेतू होता; तेथे मोडका नांगर देणारा लगेच उघडा पडे.

यावर कोणी म्हणेल, की वर्धा नदीपलीकडे वरोऱ्यास बाबा आमट्यांनी आनंदवनाचा आरंभ केला तो सहा कुष्ठरोगी, चौदा रुपये आणि एका लंगड्या गाईवर. खरे आहे. मात्र बाबा त्या लंगड्या गाईबरोबर स्वतः गेले होते. जो आपले आयुष्य घेऊन जातो त्याला लंगडी गाय पुरते. जो घरी राहून नुसती गाय पाठवतो, त्याने ती धडधाकट पाठवावी, हे उचित.

आता पिकअपकडे येऊ. आठ वर्षे उलटलेल्या मालवाहू गाडीला योग्यता प्रमाणपत्र दरसाल घ्यावे लागते, आणि पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीसाठी त्याचे शुल्क एप्रिल 2022 पासून अनेक पटींनी वाढले आहे. त्यावर विमा, टायर, क्लचप्लेट, डिझेल आणि चालकाचा पगार. म्हणून गाडी देण्यापूर्वी ती संस्थेने निवडलेल्या मिस्त्रीला दाखवावी, आपल्या नेहमीच्या मिस्त्रीला नव्हे. आणि शक्य असल्यास नवे टायर व वर्षाचा विमा यांसह द्यावी. संस्थाचालकांनीही नको असलेली गाडी नम्रपणे परत करण्याचे धैर्य बाळगावे.

दुसरी गोष्ट कागदांची. हार घालून, नारळ फोडून, किल्ली हाती दिल्याने मालकी बदलत नाही. उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात नमुना 29 व नमुना 30 दाखल करावे लागतात, राज्यांतर्गत हस्तांतराची खबर देणाऱ्याने चौदा दिवसांत द्यावयाची असते, आणि बँकेचा बोजा असल्यास तो आधी उतरवावा लागतो. विमाही संस्थेच्या नावे करून घेणे आवश्यक. नोंदणीत ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिला आहे, तेव्हा एम.एच. 29 ची पाटी असलेली ती गाडी उद्या कोठे आदळली, तर तगादा दात्याच्याच घरी येईल. आणि एक अप्रिय सूचना: मालवाहू गाडीत माणसे बसवणे कायद्यास मान्य नाही. कापूस वेचणाऱ्या बायका आपल्याकडे पिकअपमध्ये दाटीवाटीने उभ्या राहून जातात, ही आपल्या जिल्ह्याची नित्याची बेपर्वाई आहे. आश्रमशाळेतील मुलांना ती शिकवू नये.

अमेरिकेत जुनी मोटार धर्मादायास देण्याची पुष्कळ चाल आहे, आणि तिच्यामागे करसवलतीची प्रेरणा मोठी. तेथे गाडी बहुधा लिलावात जाते, पैसा तेवढा संस्थेस पोचतो. मालक मनास येईल ती किंमत लावू लागले, तेव्हा 2004 च्या कायद्याने, संस्थेने गाडी विकली तर सवलत सामान्यतः विक्रीच्या रकमेपुरतीच राहील असे ठरवून दिले. आपल्याकडे तो मोहच नाही, कारण देणगीवरील आयकराची सवलत पैशाच्या देणगीला मिळते, वस्तूच्या देणगीला नाही. आणि रोखीने दिल्यास तीही दोन हजार रुपयांपर्यंतच.

तेव्हा गाडी खरोखरच थकली असेल, तर ती नोंदणीकृत मोडकेंद्रात द्यावी, आणि हाती आलेली रक्कम धनादेशाने संस्थेला द्यावी. ती चाऱ्यासाठी, औषधासाठी की चालकाच्या पगारासाठी, हे पत्रात लिहून कळवावे. मला विचाराल तर पगारच लिहावा. पगाराच्या नावाची फरशी भिंतीत कोणी बसवत नाही, म्हणून त्याला दाते सहसा मिळत नाहीत.