धूर कुणाच्या खिडकीत जातो?

(वाघोलीतील तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी जनरेटरचा मेकॅनिक. अठरा वर्षं हेच करतोय, त्यातली बरीचशी केसनंद रोड आणि बाकोरी रोडच्या सोसायट्यांत गेली. लाइट गेली की मला फोन येतो. म्हणजे आज ज्या धुराबद्दल बोलणार आहे, त्याच्यावरच माझं घर चालतं. हे आधीच सांगून टाकतो.

मागच्या उन्हाळ्यात एका सोसायटीत सर्व्हिसिंगला गेलो होतो. १२५ केव्हीएचा सेट, पार्किंगच्या कोपऱ्यात पत्र्याच्या शेडमध्ये. धुराचा पाइप शेडच्या वर हातभर काढून आडवा वळवलेला, आणि त्याच्या तोंडासमोर वॉचमनची खोली. त्याची बायको म्हणाली, ''भाऊ, लाइट गेली की आम्ही पोराला घेऊन गेटवर जाऊन बसतो.'' रात्री दोनला गेली तरी गेटवरच.

आता नियम ऐका, कारण तो फार सोपा आहे. जनरेटर ज्या इमारतीत आहे तिच्या उंचीच्या वर पाइप किती हवा? केव्हीएचं वर्गमूळ काढा, ०.२ ने गुणा, येतील तेवढे मीटर. १०० केव्हीएला २ मीटर, ४०० ला ४ मीटर. १२५ ला सव्वादोन. बरेच जण शेडलाच इमारत धरतात आणि शेजारच्या बारा मजल्यांकडे बघत नाहीत. तसं धरलं तरी त्या शेडच्या वर सव्वादोन मीटर पाइप हवा होता. होता हातभर.

डिझेलच्या धुरामुळे माणसाला कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ मध्येच जाहीर केलं. तंबाखूच्या धुराच्या गटातच तो टाकला. आपली कितीतरी पोरं गॅरेजमध्ये, जनरेटरच्या कामावर आहेत. सेट चालू करून बंद खोलीत उभं राहू नका, रे. आणि दुकानातला छोटा पेट्रोल जनरेटर शटर अर्धं ओढून आत चालवू नका. त्यातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणूस मारतो.

काळा धूर आला की लोक डिझेलला शिव्या देतात. पुष्कळदा दोष सेटचा असतो. बिल्डरनं मोठा सेट बसवलेला, लोड मात्र दोन लिफ्ट आणि जिन्यातले दिवे. इंजिन नीट तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, सायलेन्सरमध्ये काजळी आणि ओलं तेल साचतं. त्यात एअर फिल्टर दोन वर्षं बदललेला नसतो. जुलै २०२३ पासून नव्या सेटना कडक निकष आले, चांगलं झालं, पण आधीचे सेट जागेवरच आहेत. गाडीला पीयूसी लागते. सोसायटीच्या जनरेटरची तशी नियमित चाचणी मी आजवर पाहिलेली नाही.

कुणी म्हणेल, ॲपवर तर हवा ठीक दाखवतंय. ते यंत्र लोहगावला आहे. वॉचमनच्या खोलीतली हवा ते मोजत नाही. वाघोलीत खाणींची, क्रशरची आणि नगर रोडची धूळ आधीच आहे, हेही खरं. पण क्रशर आपल्या हातात नाही, हा पाइप आहे.

त्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी हे मांडलं. एक काका म्हणाले, ''माझ्या आईचं डायलिसिस असतं, लिफ्ट बंद ठेवू का?'' बरोबर आहे त्यांचं. जनरेटर काढा, असं मी म्हणतच नाही. पाइप वर घ्या, आणि लोडप्रमाणे छोटा सेट किंवा लिफ्टला बॅटरी बघा. एक लिटर डिझेलमध्ये जेमतेम तीन-साडेतीन युनिट वीज निघते. हिशेब केला की खजिनदार लगेच ऐकतात, असा माझा अनुभव आहे. छतावरच्या सोलरला सोसायट्यांना किलोवॅटमागे १८,००० रुपये केंद्राचं अनुदान आहे. मात्र बॅटरी नसेल तर लाइट गेल्यावर साधं सोलरही बंद पडतं, हे विकणारा सांगत नाही.

तिथला पाइप तीन महिन्यांनी वर गेला. खर्च एका महिन्याच्या डिझेलपेक्षा कमी आला.

येत्या रविवारी बाकोरी रोडला दोन सोसायट्यांत पाइप मोजायचे आहेत. सेक्रेटरींना विचारून ठेवलंय. केव्हीए जनरेटरच्या पाटीवर लिहिलेला असतो, फोटो काढायचा, उंची मोजायची आणि कमिटीला लेखी द्यायचं. तिथं नाही ऐकलं, तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पुण्याच्या कार्यालयात अर्ज. टेप माझ्याकडे आहे. दोघं-तिघं लागतील, सकाळी दहाला केसनंद फाट्यावर या.