एसावचें ताट आणि खामगांवचा बाजार

विजयादशमी उलटली कीं बुलढाणा जिल्ह्यांतील वाटा बाजाराच्या दिशेनें वाहूं लागतात. एके काळीं या वाटांवर कापसाच्या गाड्या असत. खामगांवचा कापूस-बाजार एवढा मोठा कीं त्यासाठीं १८७० सालीं जलंबपासून आगगाडीचा फांटा काढण्यांत आला. आज त्याच वाटांनीं सोयाबीनचीं पोतीं जातात. पीक बदललें, पण शेतकऱ्यापुढचा पेंच बदलला नाहीं. सगळ्यांचा माल एकाच सुमारास खळ्यावरून निघतो आणि त्याच सुमारास भाव बहुधा पडलेला असतो. चार महिने थांबल्यास चार पैसे अधिक मिळण्याचा संभव आहे, हें चिखलीच्या किंवा मेहकरच्या शेतकऱ्याला कोणीं शिकवावयास नको. तरी तो पोतें बाजारांत नेतो. खतवाल्याची उधारी, मळणीची मजुरी, दिवाळी आणि मुलांची फी, हीं सारीं त्याच्या दारांत एकदमच येऊन बसलेलीं असतात.

शहरांतील सुशिक्षित गृहस्थ हें पाहून मान हलवितो. या लोकांना दम नाहीं, असा त्याचा निकाल ठरलेला असतो. आणि हा निकाल तो हप्त्यानें घेतलेल्या आरामखुर्चींत बसून देतो, ही गोष्ट वेगळी!

ख्रिस्ती परंपरेंत या विषयावरची सर्वांत प्रसिद्ध कथा उत्पत्तीच्या पुस्तकांतील आहे. इसहाकाचे दोन जुळे मुलगे, एसाव आणि याकोब. थोरला शिकारी, धाकटा घरांत राहणारा. एके दिवशीं एसाव रानांतून भुकेनें व्याकूळ होऊन परतला, तों चुलीवर मसुरीचें वरण रटरटत होतें. त्यानें तें मागितलें. याकोबानें किंमत सांगितली : थोरलेपणाचा हक्क. एसावानें शपथ घेतली आणि ताट पुढें ओढलें. वडिलार्जित वांटा एका जेवणावर गेला. पुढें इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रांत एसावाला ऐहिक वृत्तीचा म्हणून दोष दिलेला आहे, आणि धर्मोपदेशक शतकानुशतकें तोच धडा देत आले आहेत कीं क्षणाच्या वासनेपायीं पुढचें मोठें सुख विकूं नये.

धडा खरा आहे. परंतु कथा तेथें थांबत नाहीं. भुकेल्या भावाला वाढण्याआधीं सौदा करणाऱ्या याकोबाला पुढें वाट पाहणें म्हणजे काय तें पुरतें शिकावें लागलें. राहेलीसाठीं त्यानें सात वर्षें मामाचीं मेंढरें राखलीं. मामानें फसवून थोरली लेआ गळ्यांत बांधली, आणि राहेलीच्या बदल्यांत आणखी सात वर्षांची चाकरी मागून घेतली. वीस वर्षांनीं तो स्वदेशीं परतला तो एसावाच्या भयानें कांपत, पुढें गुराढोरांचे नजराणे पाठवीत. एसाव मात्र धांवत आला आणि त्यानें भावाला मिठी मारली. ज्याला वरणासाठीं दम निघाला नाहीं, त्याचें मन या वीस वर्षांत निवळलें होतें. उतावळेपणाचा धडा सांगतांना हा शेवट फार करून गाळला जातो, हें बरें नव्हे.

संयम म्हणजे नुसती सांठवण नव्हे, हेंही बायबल वारंवार बजावतें. अरण्यांत इस्राएल लोकांना मिळालेला मान्ना दुसऱ्या दिवसासाठीं राखला तर त्यांत किडे पडत. केवळ शब्बाथाच्या आदल्या दिवशीं राखलेला टिके. येशूच्या दृष्टांतांतील श्रीमंत मनुष्य जुनीं कोठारें पाडून मोठीं बांधण्याचे बेत करतो आणि त्याच रात्रीं मरतो. त्यानेंही आजचें उद्यांसाठीं ठेवलें होतें. पण त्याच्या उद्यांत त्याच्यावांचून दुसरें माणूस नव्हतें. नव्या करारांतील याकोबाच्या पत्रांत (हा याकोब निराळा) पांचव्या अध्यायांत शेतकऱ्याचा दाखला येतो : पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट पाहत तो धीरानें राहतो, तसें राहावें. पण त्याच अध्यायांत, त्याच्या थोडें आधीं, कापणी करणाऱ्यांची मजुरी अडकवून ठेवणाऱ्या धनवंतांना कडक शब्दांत फटकारलें आहे. धीर धरा हें सांगण्यापूर्वीं लेखकानें मजुरीचा हिशेब काढला, हा क्रम ध्यानांत घेण्याजोगा आहे. ज्याचें पोट रिकामें आहे त्याला धीराचा उपदेश करणें स्वस्त असतें.

हा क्रम ज्याला उमगला असा एक ख्रिस्ती गृहस्थ एकोणिसाव्या शतकांत जर्मनींत होऊन गेला. फ्रीडरिख विल्हेल्म राइफायझेन हा एका खेडवळ भागाचा नगराध्यक्ष होता. १८४६-४७ च्या हिंवाळ्यांत पिकें बुडून अन्नटंचाई झाली, तेव्हां त्यानें लोकांना भाकरी पुरविण्यासाठीं मंडळी जमविली. प्रथम श्रीमंतांच्या दानधर्मावर त्याची भिस्त होती. अनुभवानें ती ढळली, आणि १८६४ मध्यें हेड्डेसडोर्फ येथें शेतकऱ्यांनीं एकमेकांस जामीन राहून चालविलेली पतसंस्था उभी राहिली. शेजाऱ्यावर प्रीति करा ही आज्ञा त्यानें खतावणींत उतरविली, असें म्हणावयास हरकत नाहीं. हिंदुस्थानांत १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, त्यामागें राइफायझेनचाच नमुना होता.

त्या बीजाचें एक झाड बुलढाण्यांत आहे. १९८६ मध्यें येथें बुलढाणा अर्बन ही सहकारी पतसंस्था निघाली. ठेवी घेण्याबरोबर गोदामांत ठेवलेल्या धान्यावर कर्ज देण्याचें कामही तिनें हातीं घेतलें. ती कांहीं ख्रिस्ती संस्था नव्हे, आणि तसें असण्याची गरजही नाहीं. राज्याच्या कृषि पणन मंडळानें १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत शेतमाल तारण योजना चालविली आहे. तिची रीत सरळ आहे. शेतकरी सोयाबीन समितीच्या गोदामांत ठेवतो, किंमतीच्या तीन चतुर्थांशापर्यंत रक्कम सहा टक्के व्याजानें सहा महिन्यांसाठीं उचलतो, दारांतील माणसांना वाटेस लावतो, आणि माल मात्र त्याचाच राहतो. एसावाला कोणी असें वरण वाढलें असतें, तर त्याचा हक्क त्याच्यापाशींच राहिला असता.

भाव चढेलच असें नाहीं. कित्येकदां तो चढत नाहीं, आणि व्याज व थांबलेले दिवस दोन्ही अंगावर येतात. ख्रिस्ती आशा ही तेजीची आशा नव्हे, हा भेद येथें स्पष्ट होतो. प्रतीक्षेचें मोल फळ हातीं आलें तरच, असें ती मानीत नाहीं.

सगळें पीक विकूनही एक पोतें मात्र कित्येक घरीं मागें राहतें : पुढच्या पेरणीचें बियाणें. १८९९-१९०० च्या दुष्काळांत वऱ्हाड होरपळला, अनाथ मुलांसाठीं ख्रिस्ती मिशनांना आश्रम चालवावे लागले. अशा वर्षीं बियाण्याचें धान्यही पोटांत जातें आणि पुढचा पाऊस रित्या शेतावर पडतो. सोयाबीनचें बी तर फारच नाजूक, त्याची साल पातळ. पोतीं उंच रचलीं किंवा आपटलीं तरी त्याची उगवण जाते. म्हणून घरची बाई तें जमिनीपासून वर, ओल लागणार नाहीं अशा जागीं ठेवते. दिवाळी जाते, लग्नसराई जाते, भाव वरखालीं होतो, पाहुणे येतात. त्या पोत्याचें तोंड सुटत नाहीं. मृगाच्या तोंडावर ती त्यांतले शंभर दाणे मोजून घेते, ओल्या गोणपाटांत गुंडाळते आणि कोपऱ्यांत ठेवते. चारपांच दिवसांनीं गोणपाट उलगडून कोंब मोजायचे. सत्तर भरले, तर पेरणी होईल.