राज्याचा जमाखर्च आणि हातातली पोच



आज आपण राज्याच्या जमाखर्चाविषयी बोलू. तुम्ही म्हणाल, "मास्तर, घरचा मेळ बसेना, तिथं राज्याचा कशाला?" पण बाबांनो, तो पैसा आपलाच आहे. साबणाची वडी घेतली, तिच्यात कर आहे. फटफटीत पेट्रोल घातले, त्यात कर आहे. ज्याने पैसा दिला, त्याने हिशेब विचारावा की नाही?

पुढल्या सालात किती पैसा येईल आणि तो कशावर खर्च होईल, याचा अंदाज सरकार दर साली मांडते. त्याला अर्थसंकल्प म्हणतात. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आमदार आहेत. त्यांना आपण मते देऊन पाठवतो. विधानसभेने मंजुरी दिल्यावाचून सरकारला तिजोरीतला पैसा खर्च करता येत नाही.

१० मार्च २०२५ रोजी २०२५-२६ सालचा अर्थसंकल्प मांडला गेला. चालू जमा धरली होती ५,६०,९६४ कोटी रुपये. चालू खर्च धरला होता ६,०६,८५५ कोटी रुपये. आकडे ऐकून घाबरू नका. घरात शंभर रुपये यायचे आणि एकशे आठ जायचे, असा हा हिशेब. वरचे आठ कुठून आणायचे? उसनेच ना! म्हणून सरकारने काय दिले हे जसे पाहावे, तसेच ते कुठून दिले हेही पाहावे.

आता अलीकडे काय काय झाले ते पाहू. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले. बाजाराला, दवाखान्याला, माहेरी जाणे सोपे झाले. जून २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना जाहीर झाली. तिच्यात पात्र बाईच्या खात्यावर महिन्याला १,५०० रुपये जमा करायचे ठरले. २०२५-२६ सालासाठी या योजनेला ३६,००० कोटी रुपये ठेवले होते. चांगले ते चांगले म्हणावे.

पण मुंबईत ठरलेली गोष्ट आपल्या उंबऱ्यापर्यंत कशी येते? इथे आमचीच एक चूक सांगतो.

जुलै २०२४ मध्ये या योजनेचे अर्ज भरणे सुरू झाले. आमच्या आळीतली एक बाई, रोजाने कामाला जाणारी, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तीनदा तालुक्याला गेली. तीन दिवसांची मजुरी बुडाली. वर एका माणसाने दाखला काढून देतो म्हणून तिच्याकडून पैसे घेतले. आणि तिच्या घरी शिधापत्रिका होती केशरी! पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असलेल्यांना उत्पन्नाचा दाखला लागतच नव्हता. अर्जालाही पैसे पडत नव्हते. हे सारे लिहिलेला कागद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटवलेला होता. तिला तो वाचता येत नव्हता. आम्हाला येत होता. आम्ही रोज तिथूनच जात होतो, पण थांबून वाचला नाही. जन्मभर पोरांना "वाचा, वाचा" म्हणालो, आणि वेळेला आम्हीच वाचले नाही. त्याची फार लाज वाटली.

तेव्हापासून आम्ही एक कायदा ज्याला त्याला सांगतो. तो आहे २०१५ सालचा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम. नाव लांबलचक आहे, पण मतलब सोपा आहे. या कायद्याखाली जाहीर झालेले दाखले व इतर कामे ठरल्या दिवसांत मिळणे हा आपला हक्क आहे. कोणते काम, किती दिवसांत, कोणता अधिकारी करणार, हे कचेरीत फलकावर लिहिलेले असले पाहिजे.

अर्ज दिला की पोच मागा. पोचेवर नंबर आणि तारीख असते. ती जपून ठेवा. मुदतीत काम झाले नाही, किंवा अर्ज नाकारला, तर ३० दिवसांच्या आत वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करा. तिथेही न्याय मिळाला नाही तर दुसरे अपील आहे. त्याच्याही वर राज्याचा सेवा हक्क आयोग आहे. सबळ कारण नसताना काम अडवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

यात भांडण नाही, की कुणाच्या पाया पडणे नाही. तोंडी बोललेले वाऱ्यावर जाते, लिहिलेले राहते.

मंडळी, तुम्ही आता अक्षर ओळखू लागलात. तेव्हा एक काम करा. उद्या ग्रामपंचायतीवरून जाताना दोन मिनिटे थांबा. भिंतीवरचा कागद वाचा. एखादा शब्द अडला तर विचारा. आणि घरी जाताना शेजारच्या म्हातारीला सांगून जा, की आज तिथे काय लिहिले आहे.

जे आम्ही त्या दिवशी केले नाही, ते तुम्ही करा. एवढेच आमचे मागणे. रामराम.