कॉम्प्युटरचे शब्द आणि आपला पास

(जयपूर येथील कार्यकर्ता शिबिरात महाराष्ट्रातून आलेल्या रेल्वे कामगारांपुढे केलेले भाषण)

साथींनो,

२०२० सालापासून आपला पास एचआरएमएस या कॉम्प्युटर व्यवस्थेतून निघू लागला. पीएफमधून पैसे काढण्याचा अर्जही तिथेच करायचा. आपले कितीतरी ट्रॅकमन मोबाईल दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळे होतात. मोबाईलबरोबर आपला हक्कही त्याच्या हाती जातो. म्हणून आज ठराव बाजूला ठेवून चार शब्द समजून घेऊ.

इंटरनेट ही आभाळातली वस्तू नव्हे. ते जमिनीखालून, समुद्राखालून गेलेल्या तारांचे जाळे आहे. रेलटेल ही रेल्वेचीच कंपनी २००० साली निघाली; तिची केबल रुळांच्या कडेनेच टाकलेली आहे. गँगमन गिट्टी भरतो, त्याच्या शेजारून इंटरनेट धावते! आपला अर्ज त्यातून अख्खा जात नाही. मालगाडीचे डबे सुटे करावेत तसे त्याचे तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर पत्ता आणि क्रमांक. कोणी या मार्गाने, कोणी त्या मार्गाने जातो, आणि मुक्कामी पोचल्यावर सगळे क्रमाने जोडले जातात. एखादा हरवला तर तेवढाच पुन्हा मागवतात. (यार्डात डबा हरवला तर किती पत्रे लिहावी लागतात, ते तुम्ही जाणताच.)

आपल्या नोंदी ज्या मोठ्या कॉम्प्युटरवर असतात तो सर्व्हर. ब्राउझर ही त्याच्याशी बोलायची खिडकी. ‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे खिडकी तात्पुरती बंद; अर्ज नामंजूर झाला असे नव्हे.

आता महत्त्वाचे. यूजर आयडी म्हणजे आपली ओळख. ती ऑफिसात सर्वांना ठाऊक असली तरी चालते. पासवर्ड मात्र फक्त आपला. आणि ओटीपी? जुन्या माणसांनी एकेरी मार्गावरचा टोकनचा गोळा आठवावा. गोळा हातात आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी सेक्शनमध्ये घालत नसे. एक गोळा, एक गाडी. ओटीपी तसाच: एका कामापुरता, थोड्या मिनिटांपुरता. फोनवरच्या अनोळखी माणसाला तो सांगणे म्हणजे स्टेशन मास्तरने वाटसरूला गोळा देणे. बँकेचा साहेब असो वा आपला साहेब, ओटीपी मागणाऱ्याला साफ नाही म्हणा.

दुकानातून पास काढलात तर उठण्यापूर्वी लॉग आऊट करा. पाळी संपल्यावर आपण चार्ज देतो, तसेच हे.

आमची मागणी एवढीच: हे शिक्षण प्रत्येक डेपोत, ड्युटीच्या वेळेत आणि मराठीतून मिळाले पाहिजे.